नो ड्यूज

आमचा शेवटचा फुटबॉल सीझन कॉलेजच्या क्रीडा विभागात संपला, एका मंगळवारी दुपारी सव्वाबाराच्या सुमारास. जर्सी परत केल्याशिवाय 'नो ड्यूज'वर सही मिळत नव्हती आणि नो ड्यूज नसेल तर परीक्षेचा फॉर्म खिडकीवरूनच परत येत होता. म्हणून हरल्यानंतर चार दिवसांनी आम्ही पंधरा जण आपापली पिशवी घेऊन त्या खोलीबाहेर रांगेत उभे होतो.

खोली म्हणजे एक लोखंडी कपाट, हवा गेलेल्या चेंडूंचं जाळं, भिंतीला टेकवलेले भाले, एक पाय विटेवर ठेवलेलं टेबल आणि त्या टेबलामागे काका. सर यायचे आणि जायचे, क्रीडा विभाग खरा काकांचाच होता. ते एकेक जर्सी झटकून उलगडत, पाठीवरचा नंबर मोठ्यानं वाचत आणि रजिस्टरात टिक करत. "एक. दोन. तीन." तीन माझी. काखेतली उसवलेली शिवण त्यांना दिसली. चष्म्यावरून त्यांनी माझ्याकडे पाहिलं, जर्सीची घडी घातली आणि टिक केली. आईनं ती धुऊन, निळीतून काढून, वर इस्त्री करून दिली होती. कोपरावरचे मुरमाचे डाग मात्र तसेच होते, फिकट चहासारखे. नागपूरच्या मैदानांसाठी पांढरी जर्सी ज्यानं पसंत केली, त्यानं स्वतःचे कपडे कधी धुतले नसावेत.

"सोळा दिल्या होत्या बापा," शेवटी काका म्हणाले, "पंधराच भरून राहिल्या."

चौदा नंबरची नव्हती. चौदा नंबर गणपतीच्या सुमारास कॉलेज सोडून पुण्याला मामाकडे कामाला गेला होता आणि जर्सीही त्याच्याबरोबर गेली होती. आम्हा सगळ्यांना हे माहीत होतं, काकांनाही. पण रजिस्टरात 'पुण्याला गेली' असा रकाना नव्हता. दंड 120 रुपये. आमच्या कॅप्टननं, म्हणजे चार नंबरनं, मागं वळून नुसतं म्हटलं, "आठ-आठ काढा बे." पंधरा आठे वीसाशे. काकांनी पावती फाडली, तिच्यावर लिहिलं, 'जर्सी हरवल्याबद्दल'. चार नंबरनं ती चार घड्या करून पाकिटात ठेवली. संघ म्हणून आम्ही एकत्र केलेलं ते शेवटचं काम.

हे नंबराचं प्रकरण आधी सांगायला हवं. आमच्यात नावं चालत नसत. पहिल्याच वर्षी संघात एकाच नावाचे तिघं निघाले आणि सरांना तसंही कुणाचं नाव लक्षात राहत नसे. त्यांनी नंबरानं हाका मारायला सुरुवात केली ती तीन वर्षं टिकली. मैदानाबाहेरही तेच. बर्डीच्या गर्दीत कुणी "ए सात!" म्हणून ओरडलं की दुकानदार चमकून बघायचे. अकरा नंबरच्या घरी फोन केला तर त्याची आई आत वळून सांगायची, "अरे, तुझा तीन आला फोनवर." पाच नंबरचं आडनाव मला तिसऱ्या वर्षी कळलं, तेही प्रमाणपत्रं वाटताना. त्या प्रमाणपत्रांची वेगळीच गंमत. माझ्या पहिल्या वर्षीच्या कागदावर नुसतं 'नागपूर विद्यापीठ' आहे. 2005 मध्ये विद्यापीठाला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं नाव मिळालं. पुढच्या दोन कागदांवर ते सगळं नाव आलं आणि खाली लिहिणाऱ्याला जागा पुरली नाही, त्यामुळे माझं आडनाव शेवटाकडे बारीक होत होत चौकटीत घुसलंय.

पण आडनाव माहीत नसलेल्या त्या पाच नंबरबद्दल मला काय काय माहीत होतं! उंच चेंडू आला की तो आधी अर्धं पाऊल मागं घेतो. स्लाइड मारायच्या आधी थुंकतो. दमला की बडबडायला लागतो आणि फारच दमला की गप्प होतो, तेव्हा त्याच्या बाजूला सरकून राहायचं. दहा नंबर कायम उजव्या खांद्यावरून मागं पाहतो, म्हणून त्याला पास डाव्या पायात. चार नंबर ओरडायच्या आधी खोकतो. एकच कोरडा खोका, आणि मग हाक. त्या खोक्यावरच आमचे पाय हलायचे, हाक नंतर ऐकू यायची. आणि अकरा नंबर तर माझ्या पुढेच खेळायचा, डाव्या रेषेला चिकटून. त्याला मी कधी पाहून पास दिलाच नाही. रेषेच्या कडेनं चेंडू लोटायचा, तिथं तो असायचा.

याला मैत्री म्हणायचं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. माझे मित्र दुसरे होते. त्यांच्याशी बोलायचो, भांडायचो, त्यांच्या घरी जेवायचो. या पोरांशी बोलण्यासारखं फार काही नसायचंच. सरावानंतर सायकलला किल्ली लावता लावता कुणीतरी विचारायचं, "उद्या येऊन राहिला ना बे?" आणि आपण म्हणायचं, "हाव." कित्येक दिवस एवढ्यावरच निघाले.

सराव पहाटे साडेपाचला. मैदान कॉलेजच्या मागं. त्याच्या एका अर्ध्या भागावर कधीतरी मुरूम टाकला होता आणि दुसऱ्या अर्ध्यासाठी बहुधा पैसे संपले असावेत, तिथं मूळची काळी माती. त्यामुळे एकाच मैदानावर दोन खेळ चालायचे. मुरमाकडच्या बाजूला चेंडू टणाटण उडायचा आणि पडलं की गुडघ्याची साल जायची. मातीकडे पावसाळ्यात चेंडू थांबूनच राहायचा, बुटाखाली चिखलाचे थर चढायचे आणि दहा मिनिटांत आपण दोन इंच उंच होऊन, पाय ओढत पळत असायचो. फुटबॉल 410 ते 450 ग्रॅमचा असावा असं नियमात आहे. शिवणीतून पाणी प्यालेला आमचा चेंडू किती भरत असेल ते हेडर मारणाऱ्या चार नंबरच्या मानेला ठाऊक. दिवाळी झाली की चित्र बदलायचं. मैदानावर धुकं इतकं की या गोलपोस्टवरून ती दिसू नये. समोरून धापा ऐकू यायच्या आणि मग त्या धापांमागून पोरगा बाहेर पडायचा. त्या दिवसांत कोण येतंय हे मी पळण्याच्या आवाजावरून सांगू शकायचो. सात नंबरची टाच आधी पडायची.

सराव संपला की तर्री-पोहे. नागपूरकरांना हे सांगायला नको, बाकीच्यांसाठी: पोह्यांवर चण्याची झणझणीत लाल तर्री, वर कच्चा कांदा. तीन जणांत दोन प्लेटी हा आमचा हिशेब, आणि तर्री फुकट मिळायची म्हणून ती तीनदा मागायची. तिसऱ्यांदा मागायला आम्ही एक नंबरला पाठवायचो. गोलकीपर असल्यानं त्याला अपमानाची सवय होती.

तो सीझन सुरू झाला तोच मुळी न झोपता. 9 जुलै 2006, वर्ल्डकपची फायनल, बर्लिनला. आपल्याकडे रात्री साडेअकराला सुरू झाली. दहा नंबरच्या खोलीवर, एका चौदा इंची टीव्हीसमोर, आम्ही अकरा-बारा जण. फ्रान्सच्या झिदाननं इटलीच्या गड्याच्या छातीत डोकं मारलं तेव्हा खोलीत इतकी शांतता झाली की छतावरच्या पंख्याची करकर ऐकू आली. मग पेनल्ट्या. फ्रान्सच्याच त्रेझेगेचा चेंडू दांडीला लागून खाली आपटला आणि रेषेच्या अलीकडेच राहिला. इटली 5-3. दोन वाजून गेले होते, तरी एक नंबर त्यावर तासभर बोलत होता. कुणालातरी आठवलं की सराव साडेपाचला आहे. घरी जाण्यात अर्थ नव्हता. तिथंच एकमेकांच्या पायांवर डोकी ठेवून पडलो आणि उठून तसेच मैदानावर गेलो. त्या दिवशी सरच आले नाहीत. तेही रात्रभर जागले होते.

नागपूर हे क्रिकेटचं गाव, हे खरंच. जामठ्याचं मोठं स्टेडियम 2008 मध्ये आलं, पण त्याच्या कितीतरी आधीपासून सिव्हिल लाइन्समध्ये सामना असला की अर्धं शहर तिकडे. फुटबॉल खेळतो म्हटलं की नातेवाईक विचारायचे, "ते ठीक आहे, पण खेळतो काय?" आणि तरी फुटबॉल या गावात होताच, फक्त त्याचे मोहल्ले वेगळे. दहा नंबर कामठीचा. 1821 मध्ये इंग्रजांनी कन्हानच्या काठी छावणी टाकली ती ही कामठी. तिथं विणकरांच्या मोहल्ल्यांत पोरगा चालायला लागला की त्याच्यासमोर चेंडू टाकतात, असं दहा नंबर सांगायचा. त्याचा खेळ पाहून ते खरंही वाटायचं. आमच्यात चेंडूला पाय लावल्यावर आवाज न होणारा तो एकटाच.

अकरा नंबर दुसऱ्याच वाटेनं आला होता. आमच्या शहरात विजय बारसे नावाचे क्रीडाशिक्षक होते, हिस्लॉप कॉलेजात. पावसात काही झोपडपट्टीतली पोरं प्लास्टिकची फुटकी बादली लाथाडत खेळताना त्यांना दिसली, आणि 2001 मध्ये त्यांनी अशा पोरांसाठी स्पर्धा सुरू केली. तिचं नावच 'झोपडपट्टी फुटबॉल'. पुढं ते काम फार मोठं झालं, जगभर गेलं. पण आमच्यासाठी त्याचा अर्थ एवढाच होता की अकरा नंबर चेंडूवर अशा ठिकाणी पाय ठेवायचा जिथं आम्ही कुणी ठेवला नसता. त्याला पहिल्यांदा स्टडचे बूट दिले तर दोन दिवस तो चालतानाही अडखळत होता. तिसऱ्या दिवशी त्यानं ते काढून गोलपोस्टला टांगले आणि अनवाणी मला चार वेळा चकवून गेला. वर म्हणाला, "बूट चांगले आहेत बे, पण मधात मधात येतात."

बारा नंबरला विसरून चालणार नाही. काटोलकडचा, घरी संत्र्याची बाग. तीन वर्षांत तो जेमतेम एखादा पूर्ण सामना भरेल इतकाच मैदानात उतरला असेल. पण आंबिया बहाराची संत्री निघायला लागली की प्रत्येक सामन्याला खांद्यावर थैली घेऊन यायचा. हाफटाइमला आम्ही गोल करून बसायचो आणि तो मधे. नागपुरी संत्र्याची साल सैल असते, नखानं देठाशी थोडी उचलली की बाकीची आपोआप हातात येते. तो एका हातानं सोलायचा. दुसरा हात पुढच्या संत्र्यावर. फोडी वाटताना कुणाला किती हे त्याचं ठरलेलं होतं. धावणाऱ्यांना जास्त, एक नंबरला दोन. यावरून एक नंबर तीन वर्षं भांडला.

आता त्या रेषेबद्दल.

आमच्या संघात मोठा खेळाडू एकच, दहा नंबर. बाकी आम्ही मेहनती. मग सरांनी ठरवलं की आपण ऑफसाइडवर जगायचं. नियम सोपा आहे. पास निघतो त्या क्षणी पुढच्या खेळाडूच्या आणि गोलरेषेच्या मध्ये समोरच्या संघाचे निदान दोघं पाहिजेत. 1925 पर्यंत तिघं लागायचे. गोलकीपर धरला तर उरला एक. म्हणजे बचावातला सगळ्यात मागचा गडी जिथं उभा, तिथं ती न दिसणारी रेषा. ती आखायला फक्की लागत नाही. आम्ही चौघं मागं खेळायचो, दोन, पाच, चार आणि मी तीन. समोरचा पास द्यायला मान वर करतो त्याच क्षणी चौघांनी एक पाऊल पुढं टाकायचं. आपल्या मागं घुसायला टपलेला त्यांचा गडी तिथंच उघडा पडतो आणि लाइन्समनचा झेंडा वर जातो. चार नंबरची हाक होती, "चढ बे!"

ऐकायला सोपं आहे. पण त्या एका पावलात पोटात गोळा येतो. तुमचा प्रतिस्पर्धी तुमच्या पाठीमागं निघालेला असतो आणि तुम्ही त्याच्या उलट दिशेला, गोलपासून लांब जाताय. घराला आग लागल्यावर बाजारात जावं तसं. डोकं म्हणतं मागं पळ, आणि खोका ऐकून पाय पुढं पडतात. हे जमायला आम्हाला दोन वर्षं लागली. सरांनी आमच्या कमरांना दोरी बांधून पाहिलं, डोळे मिटून चालायला लावलं. शेवटी शेवटी चौघं असे चढायचो की सर गालात जीभ घालून नुसते उभे राहायचे. त्यांच्या मते ती शाबासकी होती.

त्या वर्षी विद्यापीठाची आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा लांबत लांबत डिसेंबरात गेली, म्हणजे ऐन अधिवेशनात. अधिवेशनाच्या दिवसांत नागपूर वेगळंच गाव असतं. यशवंत स्टेडियमकडून मोर्चे निघतात, रस्ते बंद, चौकाचौकात बाहेरगावचे पोलीस. आमची उपउपांत्य फेरी रविनगरच्या मैदानावर होती. ऑटो पुढं जाईना म्हणून अर्ध्या वाटेपासून बूट गळ्यात घालून आम्ही पायी गेलो. प्रेक्षक म्हणाल तर बारा नंबरचे वडील, कुणाचे तरी दोन मित्र, आणि बंदोबस्तातून मोकळे झालेले सहा-सात पोलीस. त्यांतला एक सगळ्या सामन्यात दोन्ही बाजूंना "मार! मार!" म्हणत होता.

पहिल्या हाफमध्ये काही झालं नाही. त्यांच्या सात नंबरनं मला दोनदा उघडं पाडलं एवढंच. उंचीनं कमी, पळायला भयंकर. दोन्ही वेळा पाच नंबरनं थुंकून, स्लाइड मारून निस्तरलं. हाफटाइमला संत्री खाल्ली. सर म्हणाले, असंच.

दुसऱ्या हाफची वीसेक मिनिटं झाली असतील. त्यांच्या आठ नंबरकडे मधे चेंडू आला. त्यानं मान वर केली. सात नंबर माझ्या खांद्याला खांदा लावून होता, त्याचा श्वास मला ऐकू येत होता. खोका आला. तो मी ऐकला. इतकी वर्षं झाली, न ऐकल्याचं मी कुणाला सांगितलेलं नाही, स्वतःलासुद्धा नाही. त्या क्षणी माझ्या डोक्यात पूर्ण हिशेब तयार होता: याच्यापेक्षा मी हळू आहे, लाइन्समन दुसऱ्या कॉलेजातलं पोरगं आहे, झेंडा काठीसारखा धरून उभं आहे, त्यानं नाही दाखवला तर हा सरळ गोलवर. अर्धं पाऊल मागं राहिलेलं बरं.

दोन चढला. पाच चढला. चार चढला. मी राहिलो.

झेंडा वर गेला नाही, आणि त्या पोराचं बरोबर होतं. सात नंबर बाकी तिघांच्या हातभर मागं होता, पण माझी टाच त्याच्याही मागं होती. एक नंबर धावत बाहेर आला, चेंडू त्याच्या पायांमधून गेला. जोरातही नव्हता. गोलरेषा ओलांडताना तो जवळजवळ थांबला होता, जाळीलाही पोचला नाही. "मार! मार!" म्हणणाऱ्या पोलिसानं टाळ्या वाजवल्या.

माझा हिशेब माझ्यापुरता चोख होता. माझी बाजू लंगडी पडली ती इथंच. चौघांच्या रेषेत एकाचं एकट्यानं बरोबर असणं काही कामाचं नसतं. चौघं मिळून चढलो असतो आणि झेंडा नसता आला, तर गोल झालाच असता. पण मग तो पंचानं खाल्ला असता, आणि पुढची वीस वर्षं आम्हाला त्या पंचाला शिव्या देत एकत्र बसता आलं असतं.

उरलेला वेळ आम्ही नुसते पळालो. अकरा नंबरनं एकदा दांडी हलवली. शिट्टी वाजली, हात मिळवले, संपलं. मैदानाच्या कडेला बसून आम्ही बुटांच्या नाड्या सोडल्या. बारा नंबर थैली घेऊन आला. सोलून ठेवलेली संत्री कुणी घेईना. तेव्हा त्यानं एकेकाचा हात धरून, तळहात उघडून, त्यात फोडी ठेवल्या. माझ्या हातात चार. धावणाऱ्यांचा वाटा.

रात्री ठरल्याप्रमाणे सावजीत गेलो. जिंकलो असतो तरी जाणार होतो. सावजीच्या रश्श्यात डोळ्यांतून पाणी येतंच, तेव्हा इथं रडण्याची सोय झाली असं लिहायचा मोह होतोय. पण कुणी रडलं नाही. मटण किती प्लेट आणि पोळ्या किती यावर वाद चालू होता. मी वाट पाहत होतो. कुणीतरी म्हणेल, 'तू काऊन नाही चढला बे?' दोन नंबर म्हणेल, तो तोंडाचा फटकळ. निदान एक नंबर म्हणेल, चेंडू त्याच्या पायांतून गेला होता आणि दोष वाटून घ्यायला त्याला कुणीतरी हवाच असणार. पाच नंबरनं गोलचा विषय काढला तेव्हा माझा घास थांबला. तो म्हणाला, "त्यांचा सात नंबर खतरनाक होता." चार नंबर म्हणाला, "हाव." आणि रश्शाचं भांडं माझ्याकडे सरकवलं.

त्यांना कळलं नव्हतं, असं मी काही दिवस स्वतःला पटवून पाहिलं. पण ते शक्य नव्हतं. जे लोक माझ्या पळण्याच्या आवाजावरून मला धुक्यात ओळखायचे, त्यांना मी कुठं उभा होतो हे कळणार नाही?

नो ड्यूजवर सही झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला मला जाग आली. गजर मी आदल्या रात्री बंद केला होता. तरीही. पडून राहिलो, साडेपाच झाले, पाय आपोआप अंथरुणातून बाहेर. शेवटी उठून सायकल काढली. मैदानावर धुकं होतं. गोलपोस्टजवळ कुणीतरी उभं होतं. टाच आधी पडणारा आवाज आला, सात नंबर. त्याच्यामागं अकरा. चेंडू कुणाकडेच नव्हता, ते जाळं कपाटात कुलूपबंद. आम्ही तिघं थोडा वेळ हात चोळत उभे राहिलो. मग पोहे खाल्ले. तिघांत दोन प्लेटी. निघताना सवयीनं अकरा नंबर विचारायला गेला, "उद्या येऊन..." आणि किल्ली लावण्यात गुंतला.

पुढं व्हायचं तेच झालं. मी विम्याच्या कचेरीत लागलो. दहा नंबर काही वर्षं मोठ्या क्लबात खेळला, आता कामठीतच पोरांना शिकवतो. बारा नंबरच्या बागेतून हंगामात अजून पेटी येते. चौदा नंबरचा पत्ता नाही. एवढ्या वर्षांत मी नवी माणसं जोडली, त्यांच्या घरातले वाढदिवस मला पाठ आहेत. पण त्यांच्यातला कुणी माझ्या मागं चालत आला तर पावलांवरून मला ओळखता येणार नाही. आणि पाच नंबरबद्दलची ती सगळी माहिती, अर्धं पाऊल मागं, थुंकणं, दमल्यावरची बडबड, ती तशीच माझ्याकडे पडून आहे. खर्च करायला जागा नाही.

गेल्या हिवाळ्यात अकरा नंबरच्या धाकट्या भावाचं लग्न होतं, कोराडी रोडवरच्या एका लॉनमध्ये. आठ-नऊ जण जमलो. दोन नंबरला पोट सुटलंय, पाच नंबरचे केस गेलेत, चार नंबर चाळिशीचा चष्मा लावून पत्रिका वाचल्यासारखं मेनू वाचत होता. बोलायला तेव्हाही फारसं काही नव्हतं. पोरं कितवीत, घर कुठं. जेवणं झाली आणि अकरा नंबरनं आम्हाला स्टेजवर ओढलं. नवरा-नवरी मधे, आणि योगायोगानं की कशानं ते माहीत नाही, एका बाजूला आम्ही चौघं: दोन, पाच, चार आणि टोकाला मी.

फोटोग्राफर पोरसवदा होता. कॅमेऱ्यातून पाहत हातानं खुणावत म्हणाला, "भाऊ, एका लायनीत या. थोडंसं समोर."

माझ्या शेजारी कोरडा खोका ऐकू आला. चार नंबरची मान समोर, कॅमेऱ्याकडे. ओठ हलल्याचंही दिसलं नसेल कुणाला.

"चढ बे, तीन."

अकरा नंबरनं तो फोटो दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपवर पाठवला. त्यात दोन नंबरचं पोट सगळ्यांच्या पुढं आहे, आणि त्याच्या खालोखाल माझा डावा बूट.